साप: मारणारा की राखणारा?

प्रश्न : आमच्या घरी नागपंचमीला नागोबाची पूजा होते. मुलीची एक ख्रिस्ती मैत्रीण म्हणते, की त्यांच्या गोष्टींत साप म्हणजे सैतान. डॉक्टरांच्या गाडीवर मात्र काठीला वेटोळं घातलेला साप दिसतो. एकच प्राणी कुठे देव, कुठे सैतान आणि कुठे वैद्य, असं का? सापाच्या कथा जगभर का सापडतात? आणि नागाला दूध पाजावं का? – एक वाचक, महाड

उत्तर : एका पत्रात तुम्ही बरंच काही विचारलंत. उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून क्रमाने घेऊ.

साप पूर्वेला देव आणि पश्चिमेला सैतान, हे खरं का?

तसं सर्रास बोललं जातं, पण जुने ग्रंथ उघडले की ही वाटणी टिकत नाही. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीमध्ये, साप हव्वेला निषिद्ध झाडाच्या फळाचा मोह घालतो आणि आयुष्यभर पोटावर सरपटण्याचा शाप ओढवून घेतो. त्या मूळ कथेत तो सर्व वन्य प्राण्यांत धूर्त असा एक प्राणी आहे. सैतानाशी त्याची गाठ नंतरच्या परंपरेने मारली. पण त्याच बायबलातल्या ‘गणना’ या पुस्तकात वेगळंच घडतं. वाळवंटातून जाणाऱ्या इस्राएली लोकांना विषारी साप चावू लागतात, माणसं मरतात, तेव्हा देव मोशेला साप घडवून खांबावर लावायला सांगतो. मोशे पितळेचा साप करतो. दंश झालेला जो कोणी त्याच्याकडे पाहील, तो जगतो. पुढे कैक पिढ्यांनंतर लोक या पितळी सापापुढे धूप जाळू लागले, म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. शाप मिळालेला साप आणि जीव वाचवणारा साप, दोघेही एकाच धर्मग्रंथात आहेत.

आता आपल्याकडे पाहा. महाभारताची कथा वैशंपायनाने जनमेजयाला ऐकवली ती सर्पसत्रात, म्हणजे नागांची आहुती देण्यासाठी मांडलेल्या यज्ञात. परीक्षित राजाला तक्षकाने दंश केला, त्याचा सूड म्हणून त्याच्या मुलाने, जनमेजयाने, अवघं नागकुळ संपवायला घेतलं. मंत्रांच्या ओढीने नाग येऊन आगीत पडत होते. तक्षकाची पाळी आली तेव्हा आस्तिक नावाच्या तरुण ऋषीने यज्ञ थांबवला. आस्तिकाचे वडील ऋषी, आई वासुकी नागाची बहीण. दोन्ही कुळांचं रक्त ज्याच्या अंगात, त्यानेच हा संहार थांबवावा, ही कथेची योजना विचारपूर्वक केलेली आहे. त्याआधीच्या ऋग्वेदात इंद्र ज्या वृत्राला मारून अडवलेलं पाणी मोकळं करतो, त्यालाही ‘अहि’ म्हणजे सापच म्हटलं आहे. ज्या परंपरेत विष्णू शेषावर निजतो आणि शंकर गळ्यात नाग घालतो, त्याच परंपरेत साप हा शत्रूही आहे.

इजिप्तमध्ये तर हे दोन साप एकाच प्रवासात भेटतात. सूर्यदेव रा रोज रात्री नावेतून पाताळातून जातो. वाटेत अपोफिस नावाचा महासर्प ती नाव गिळायला टपलेला असतो. त्याच नावेत मेहेन नावाचा दुसरा सर्प रा भोवती वेटोळं घालून त्याचं रक्षण करतो. अपोफिसचा पराभव व्हावा म्हणून देवळातले पुजारी त्याची मेणाची आकृती करत, तिच्यावर थुंकत, ती पायाखाली तुडवत आणि जाळत. आणि ज्या फेरोच्या राज्यात हे विधी चालत, त्याच्या कपाळावर फणा काढलेली नागीण असे. ती वाजेत देवी, उत्तर इजिप्तची संरक्षक. १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या कबरीतला सोन्याचा मुखवटा तुम्ही चित्रात पाहिला असेल. त्याच्या कपाळावर गिधाडाच्या शेजारी तीच नागीण आहे.

म्हणून माझं उत्तर असं : देश कुठलाही असो, धर्म कुठलाही असो, साप मारणाराही असतो आणि राखणाराही. काळ आणि सत्ता बदलली की यातली एखादी बाजू पुढे येते आणि दुसरी मागे पडते, एवढंच.

मग सापाबद्दल इतक्या दूरदूरच्या लोकांना सारखंच का वाटलं?

याचं पहिलं कारण सापाचं शरीर. त्याला पाय नाहीत, तरी तो धावतो, पोहतो, झाडावर चढतो. त्याला पापण्या नाहीत. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, त्यामुळे तो कायम टक लावून पाहतोय असं वाटतं. दुभंगलेली जीभ तो सारखी बाहेर काढतो ती हवेतले गंधाचे कण गोळा करण्यासाठी. टाळूमधल्या एका इंद्रियाला ती हे कण पोचवते. हे माहीत नसणाऱ्या माणसाला तो कुणाशी तरी कुजबुजतोय असंच वाटणार.

पण माणसाच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटवला तो कात टाकण्याने. कात टाकायची वेळ आली की सापाचा रंग फिकट होतो, डोळे दुधाळ होतात, त्याला नीट दिसेनासं होतं आणि तो बिळात गप्प पडून राहतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा निवळतात. मग तो तोंडाची कड दगडाला किंवा खोडाला घासतो. ओठांपाशी जुनी त्वचा सुटते आणि तो तिच्यातून पुढे सरकत बाहेर पडतो. मागे उलटी झालेली अखंड कात राहते. तिच्यावर एकेका खवल्याची नक्षी असते, डोळ्यांवरचे पारदर्शक खवलेही तिला चिकटलेले असतात. आणि बाहेर आलेला साप नवा कोरा, तकतकीत. ज्याने हे पाहिलं त्याला हा प्राणी म्हातारा होत नाही, मरत नाही असं वाटलं तर नवल नाही.

मेसोपोटेमियातल्या गिल्गमेश महाकाव्यात हीच समजूत कथेच्या रूपात आली आहे. जिवलग मित्राच्या मृत्यूने हादरलेला गिल्गमेश राजा अमरत्वाच्या शोधात जगाच्या टोकापर्यंत जातो. शेवटी पाण्याच्या तळाशी बुडी मारून तारुण्य परत देणारी वनस्पती मिळवतो. परतीच्या वाटेवर थंड पाण्याचं डबकं दिसतं म्हणून आंघोळीला उतरतो. वनस्पतीच्या वासाने एक साप येतो, ती घेऊन पळतो आणि जाता जाता कात टाकतो. गिल्गमेश काठावर बसून रडतो. माणसाला मिळू पाहणारं तारुण्य सापाला मिळालं, ते असं. उत्पत्तीमधल्या कथेशी ही कथा ताडून पाहा. दोन्हीकडे एक वनस्पती आहे, एक साप आहे, आणि माणसाच्या हातून अमरपण निसटतं.

दुसरं कारण आपल्या मेंदूत आहे. १९८० च्या दशकात सुझन मिनेका आणि मायकेल कुक या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांवर प्रयोग केले. या माकडांनी साप कधी पाहिला नव्हता आणि त्यांना सापाची भीतीही नव्हती. दुसरं माकड सापाला पाहून घाबरतंय अशी चित्रफीत दाखवल्यावर मात्र ती चटकन सापाला भिऊ लागली. तीच चित्रफीत बदलून, माकड फुलाला पाहून घाबरतंय असं दाखवलं, तेव्हा ती फुलाला भ्यायला शिकली नाहीत. म्हणजे सापाची भीती जन्मजात नसली, तरी ती शिकण्याची तयारी जन्मजात असावी. माणूस आणि माकड यांचे पूर्वज लाखो वर्षं सापांच्या सोबतीनेच जगले आहेत. ज्याची इतकी भीती वाटते त्याच्याबद्दल माणूस उदासीन राहूच शकत नाही. एक तर तो त्याला शत्रू मानतो, नाही तर त्याला हात जोडून आपल्या बाजूला वळवू पाहतो. बऱ्याचदा दोन्ही करतो.

डॉक्टरांच्या चिन्हावर साप कुठून आला?

ग्रीसमधून. अस्क्लेपिओस हा ग्रीकांचा आरोग्यदेव, आणि एपिदाउरोस हे त्याचं सर्वांत प्रसिद्ध तीर्थ. रोगी तिथे येत, स्नान करून, नैवेद्य दाखवून एका खास दालनात रात्री झोपत. देव स्वप्नात येऊन बरं करतो किंवा उपाय सांगतो, अशी श्रद्धा होती. देवळाच्या आवारात बिनविषारी साप मोकळे फिरत. रोगमुक्त झालेल्यांच्या हकिगती दगडांवर कोरून तिथे लावल्या जात. इ. स. पू. चौथ्या शतकातले हे शिलालेख आजही वाचता येतात. त्यांतली एक हकिगत पायाच्या बोटाला भयंकर व्रण झालेल्या माणसाची आहे. सेवकांनी दिवसा त्याला बाहेर आणून बसवलं, तिथेच त्याला डुलकी लागली. दालनातून एक साप आला, त्याने व्रण चाटला आणि तो परत गेला. जागा झाल्यावर तो माणूस म्हणाला, एका देखण्या तरुणाने माझ्या बोटाला औषध लावल्याचं स्वप्न मला पडलं. पाहणाऱ्यांना साप दिसला आणि रोग्याला देव, आणि लेख कोरणाऱ्याच्या लेखी दोन्ही एकच होते.

इ. स. पू. २९३ मध्ये रोममध्ये साथ पसरली, तेव्हा रोमनांनी एपिदाउरोसला शिष्टमंडळ पाठवलं. कथा अशी, की देवाचा साप आपणहून त्यांच्या जहाजावर चढला आणि रोमला पोचताच टायबर नदीतल्या बेटावर उतरला. तिथे अस्क्लेपिओसचं देऊळ झालं. त्या बेटावर आजही रुग्णालय आहे. या देवाच्या नावाने ओळखली जाणारी सापाची जात युरोपात अजून आढळते. आपली धामण ज्या कुळातली, त्याच कुळातला हा बिनविषारी साप आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हात दिसते ती याच देवाची काठी : एक काठी, एक साप. काही ठिकाणी मात्र पंख असलेल्या काठीवर दोन साप दिसतात. ती हर्मिस या ग्रीक देवाची काठी. हर्मिस हा देवांचा दूत, व्यापारी आणि प्रवासी यांचा रक्षक. वैद्यकाशी त्याचा संबंध नाही. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय दलाने १९०२ मध्ये ही काठी चिन्ह म्हणून स्वीकारली, आणि तिथून हा घोटाळा फार पसरला. तुमच्या डॉक्टरांच्या गाडीवर एकच साप असेल, तर चिन्ह बरोबर आहे.

साप आणि औषध यांचं नातं कथेपुरतंही राहिलेलं नाही. ब्राझीलमधल्या जराराका या विषारी सापाच्या दंशाने रक्तदाब एकदम खाली येतो. त्या विषातल्या घटकांच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबावरचं औषध तयार झालं आणि १९८१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या गटातली औषधं आज जगभर लाखो लोक रोज घेतात. सर्पदंशावरची लसही विषापासूनच होते. घोड्याला विषाच्या अगदी लहान मात्रा टोचत नेतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात, तीच पुढे रोग्याला देतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. विषात औषध असतं हे ग्रीकांना आणि आपल्या आयुर्वेदालाही जाणवलं होतं. विज्ञानाने ते तपासून दाखवलं.

पृथ्वी, पाणी आणि साप यांची सांगड जगभर का दिसते?

साप जमिनीखाली राहतो आणि पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की वर येतो. त्याची चाल नदीच्या वळणांची आठवण करून देते. त्यामुळे जमिनीखालचं जग, पाणी आणि पीक यांचा तो मालक ठरला. आपल्याकडे शेषाने पृथ्वी फण्यावर तोलली आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या फोन लोकांच्या कथेत आयडो-ह्वेडो हा सर्प पृथ्वीखाली वेटोळं घालून तिचा भार घेतो, आणि तो हलला की भूकंप होतो. हे लोक राहतात त्या बेनिन देशातल्या विदा गावात अजगरांचं देऊळ आहे. अजगर कुणाच्या घरात शिरला, तर त्याला न मारता परत देवळात नेऊन सोडतात. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या कथांत इंद्रधनुष्य-सर्पाच्या वाटचालीने नद्या आणि पाणवठे घडले. मेक्सिकोतल्या चिचेन इत्झा इथे माया लोकांनी कुकुल्कान या पिसांच्या सर्पाचा पिरॅमिड बांधला. त्याच्या चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि माथ्यावरची एक, अशा ३६५ होतात. दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास, दुपार कलताना, उत्तरेकडच्या जिन्याच्या कठड्यावर उन्हाचे त्रिकोण पडतात. पायथ्याशी सर्पाचं दगडी डोकं आहेच. त्यामुळे वरून खाली उतरणारा साप पाहिल्याचा भास होतो.

उत्तर युरोपातल्या नॉर्स कथांत सर्प पृथ्वी तोलत नाही, तिला वेढून समुद्रात पडून असतो, स्वतःचीच शेपटी तोंडात धरून. त्याचं नाव योर्मुनगांड. थोर हा मेघगर्जनेचा देव एकदा बैलाचं मुंडकं गळाला लावून त्याला वर ओढतो. स्वीडनमधल्या अल्तुना गावच्या शिळेवर हा प्रसंग कोरलेला आहे, आणि त्यात थोरच्या ओढीने नावेच्या तळातून त्याचा पाय बाहेर आलेला दिसतो. जगाच्या शेवटच्या युद्धात थोर या सर्पाला मारतो, पण विषाने नऊ पावलं चालून स्वतःही कोसळतो. ज्याने जगाला घेरून ठेवलं आहे, त्याला मारलं की जगही राहत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण सातेरीचं. गोवा आणि सिंधुदुर्गातल्या गावागावांत ही भूमिदेवी आहे, आणि अनेक देवळांत तिचं मूळ रूप म्हणजे वारूळ. वाळवी माती वर आणते, त्या वारुळात नाग वस्तीला येतो. जमिनीच्या पोटातून उगवलेलं ते वारूळच देवी ठरलं आणि नाग तिचा राखणदार. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराज आणि त्याची राणी शांतपणे बसलेली शिल्पात दिसतात. बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद आणि पार्श्वनाथांवर छत्र धरणारा धरणेंद्र यांनाही आठवा. छाया देणारा, दार राखणारा, पाणी देणारा साप महाराष्ट्राच्या दगडांत आणि मातीत जागोजाग आहे.

मग नागपंचमीला नागाला दूध पाजावं का?

पाजू नये. साप सरपटणारा प्राणी आहे, दूध हे त्याचं अन्न नाही. त्याला उंदीर, बेडूक, पाली लागतात. पकडून ठेवलेला, तहानेने व्याकुळ झालेला नाग समोरचा द्रव पितो, आणि ते दूध त्याला बाधतं. पुंगीवर तो डोलतो तेही सुरांमुळे नाही. हलणाऱ्या पुंगीवर आणि गारुड्याच्या हातावर त्याची नजर असते, आणि तो बचावाच्या पवित्र्यात असतो. शिवाय नाग पकडणं, कोंडणं, त्याचे खेळ करणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

आपली नागपंचमीची कहाणीही हेच शिकवते. शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिल्लं मरतात. ती सूडाने त्याच्या घरच्यांना डसते आणि उरलेल्या सासुरवाशीण लेकीच्या घरी जाते. तिथे लेकीने पाटावर गंधाने नाग काढलेले असतात, दूध-लाह्या ठेवलेल्या असतात, आणि ती हात जोडून बसलेली असते. नागीण प्रसन्न होते, अमृत देते, माहेरची माणसं उठून बसतात. त्या लेकीने नाग पकडून आणला नव्हता, पाटावर काढला होता. म्हणूनच त्या दिवशी नांगर धरू नये, खणू नये, चिरू-तळू नये, उकडलेली दिंडं करावीत, असं आजी सांगते. वर्षातला एक दिवस जमिनीखालच्या जिवाला आपला धक्का लागू नये, एवढाच त्या नियमांचा अर्थ. पूजेचं दूध पाटापुढे ठेवा आणि नंतर घरातल्या मुलांना द्या.

पूजेइतकंच महत्त्वाचं आहे ते दंशानंतरचं वागणं. एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली. यांतले बहुतेक ग्रामीण भागातले लोक होते. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप सर्वाधिक जीव घेतात, आणि चौघांच्याही विषावर चालणारी लस सरकारी रुग्णालयांत मिळते. म्हणून घरात साप निघाला तर काठी उचलू नका. लांब उभं राहून त्याच्यावर लक्ष ठेवा आणि वनखात्याला १९२६ वर किंवा गावातल्या जाणत्या सर्पमित्राला कळवा. दंश झालाच तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. मांत्रिकाकडे जाऊ नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता १०८ वर फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. अशा वेळी वाया गेलेलं प्रत्येक मिनिट जिवावर बेतू शकतं.